परमुलखात थापलेली भाकर

परवा सेलूच्या काकू भेटायला आल्या. बसल्या, पदर डोळ्यांना लावला आणि तुमच्याबद्दल बोलायला लागल्या. "असा माणूस पाह्यला नाई व बाई. जल्मात कधी चुलीकडे वळून पाह्यलं नाई त्यानं. पाटावर बसला, पुढे आलं ते खाल्लं, हात धुतला, उठला. पाण्याचा गडवाही कधी हातानं भरून घेतला नाई." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. मी भिंतीला टेकून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसले होते, आणि पदराआड मला हसू आलं. इतक्या दिवसांच्या रडण्यात मधेच कुठून आलं ते कळलं नाही. खांदे हलले. काकूंना वाटलं हुंदका फुटला, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

अहो, त्या हसण्याचं कारण तुम्हाला एकट्यालाच कळलं असतं. म्हणून तुमच्याशीच बोलते आहे. तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, आताही घेत नाही. 'अहो' म्हटलं की तुम्ही मान वर करायचात, तेवढी ओळख आपल्याला पुरत होती.

सिंदीच्या कापसाच्या जिनात तुमच्यासारखा फिटर नव्हता, यंत्र नुसतं ऐकून तुम्ही त्याचं दुखणं सांगत होतात, हे सगळं लोक सांगतात. त्यांना सांगू दे. मला आजकाल डोळे मिटले की सुदानच दिसतं. दुपारची वेळ असते. बाहेर सगळं ऊन पांढरंफेक, आत मातीच्या भिंतींचा गारवा, आणि तुम्ही परातीपुढे उकिडवे बसलेले. बाह्या वर केलेल्या. कोपरापर्यंत पीठ.

जायचं ठरलं तेव्हा देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षंच झाली होती, आणि आपल्या लग्नाला त्याहूनही कमी. नील नदीच्या मुलखात कापूस पिकतो, सरकी काढायच्या यंत्रांवर माणसं पाहिजेत, दोन वर्षांचा करार आहे, असं तुम्ही जेवता जेवता सांगितलंत. वाढायला तुमच्या आई उभ्या होत्या, मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. मग त्यांनी तुमच्याकडे न बघता मला सांगितलं, "तू जाय संगं. तिकडचं अन्न याले मानवनार नाई. दोन वेळ भाकर थापून घालजो. आन कोनाच्या हातचं खाऊ देऊ नको." घरात धाकटे भाऊजी होते, त्यामुळे आत्याबाई एकट्या पडणार नव्हत्या. नाहीतर त्या काळी सिंदीची सून नवऱ्याबरोबर दर्यापार जाते, हे कोणाला खरं वाटलं असतं? मी गेले ती तुमच्या पोटासाठी. तुमचं पोट माझ्या हवाली केलं होतं.

जवारीच्या पिठाचा मोठा डबा आत्याबाईंनी बरोबर दिला होता. बोटीवर त्या तांबड्या समुद्रात असा उकाडा की लोखंडाला हात लावता येईना. डबा उघडला तेव्हा पीठ कडू झालेलं, वळवळणाऱ्या अळ्या. मी रडायलाच लागले. तुम्ही डबा उचलून कठड्याशी नेलात आणि आपण दोघांनी मिळून ते पीठ दर्यात सोडलं. ते लगेच बुडलं नाही. पाण्यावर पसरलं, धुक्यासारखं, आणि बोट पुढे गेली तसं मागे मागे राहत गेलं. तुम्ही म्हणालात, "चाल, आता जे भेटंन ते खाऊ." तुम्हाला भीती वाटत नव्हती असं मला तेव्हा वाटलं. नंतर कळलं, वाटत होती.

मग आगगाडी. दिवसभर वाळू, वाळू, काहीच नाही, मला झोप लागायची आणि झोपेतही वाळूच दिसायची. आणि एका सकाळी खिडकीबाहेर कापूस. मैलच्या मैल फुटलेला. तुम्ही मला हलवून उठवलंत. "हे पाय. सेलूच्या पुढचं वावर." मी अर्धवट झोपेत खरंच सेलू धरलं. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका चालल्या होत्या, त्यांनी लुगड्यासारखंच लांब कापड अंगभर गुंडाळलं होतं, पदर डोक्यावरून. मी केळझरची जत्रा शोधायला लागले. आजही कधी कधी सिंदी स्टेशनात गाडी शिरते तेव्हा क्षणभर मला कळत नाही, मी कोणत्या मुलखात उतरते आहे.

कारखान्याच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या. पुढे अंगण, भोवती मातीची भिंत. भिंतीपलीकडे कारखान्याचा पहारेकरी इद्रिस आणि त्याची बायको आमना. गावात एका गुजराती शेटजींचं दुकान होतं, तिथे गहू, तांदूळ, डाळ, हिंग सगळं मिळायचं. आपण जवारी मागितलीच नाही. परमुलखात जवारी कुठली, हे आपण आपलंच ठरवून टाकलं होतं. मी पोळ्या करायचे, तुम्ही खायचात, आणि दोघंही म्हणायचो नाही की पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही.

मग मला दिवस गेले.

ते दिवस आठवले की सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. गव्हाची पोळी तव्यावर पडली की त्या वासानं पोट ढवळून यायचं. भात नको, डाळ नको, चहा नको. शेटजींच्या घरून लोणचं आलं, तेही राहिलं नाही. पाणीसुद्धा उलटून पडायचं. खाटेवर पडल्या पडल्या छताच्या काड्या दिसायच्या आणि त्या हळूहळू माझ्या माहेरच्या, देवळीच्या घराच्या व्हायच्या. माझी माय परसात अंबाडी खुडताना दिसायची. मी तिला हाका मारायचे. तुम्ही म्हणायचात, "इथे आहो न मी." दवाखान्यातल्या डॉक्टरनं तुम्हाला बाहेर बोलावून काय सांगितलं, ते तुम्ही मला आपली मालू जन्मल्यावर सांगितलंत. असंच चाललं तर मूल राहणार नाही, आणि आईचंही सांगता येत नाही. तेव्हा मात्र आत येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "डाक्टर म्हणते, बरं होईन." आणि पंखा घेऊन वारा घालायला लागलात. तुमचा हात थांबतच नव्हता.

त्या दुपारी तुम्ही कामावर गेलाच नव्हतात. मी डोळे मिटून पडले होते आणि मला वास आला. आधी वाटलं, मायच आली. मग मी उठून बसले. कितीतरी दिवसांत आपल्या आपण उठून बसले नव्हते.

"आंबील शिजून राह्यली," मी म्हटलं.

"कुठी?"

"भिंतीच्या पल्याड."

"अवं, इथे कुठची आंबील? भास होऊन राह्यला तुले." तुम्ही माझ्या कपाळाला हात लावलात.

"भास नाई. जवारीची आहे. आंबवलेली. लसूण नाई तिच्यात, पण जवारीचीच आहे."

तुम्ही अंगणात गेलात. दारातून मला दिसत होतात. एवढा मोठा माणूस, नाक वर करून, डोळे मिटून वारा हुंगत उभा. मग तुमचे खांदे एकदम सैल झाले. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. ते पाहणं मला अजून पुरतं आहे, अहो.

सिंदीत तुम्ही शेजारच्या घरी निरोप द्यायचा तरी भाऊजींना पाठवत होतात. परक्या बाईशी बोलायचं म्हणजे तुमची मान खाली. ते तुम्ही, भर दुपारी, परक्या मुलखात, परक्या दारापुढे जाऊन टाळ्या वाजवून उभे राहिलात. इद्रिस बाहेर आला. तुम्हाला त्याची बोली येत नव्हती. तुम्ही काय केलंत ते मला आमनाने नंतर खाणाखुणांनी दाखवलं: नाकाला हात लावला, आत बोट दाखवलं, मग हाताची घडी घालून मूल जोजवल्यासारखं केलं, आणि मग हात जोडले. ती हे दाखवायची आणि हसायची, आणि शेवटचं हात जोडणं करताना हसायची थांबायची.

तुम्ही परत आलात ते दोन्ही हातांत भोपळ्याचं कोरलेलं भांडं धरून. मागे दारात आमना. भांड्यात पातळ, पांढुरकी, वाफाळलेली आंबील. तिकडे तिला नाशा म्हणतात, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात, हे मागाहून समजलं. मी भांड्याकडे पाहिलं आणि मला आत्याबाईंचं बोलणं आठवलं.

"कोनाच्या घरचं आहे?"

"शेजारचं."

"आत्याबाईयनं सांगतलं होतं..."

"आई इथे नाई," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आई इथे नाई. तू आहे. पे."

"अशरबी," दारातून आमना म्हणाली. म्हणजेही 'पी'च.

मी प्यायले. आंबट, कोमट, घशाखाली उतरताना जवारीचा तो खरखरीत गोडवा. आपण तिघंही वाट पाहत होतो. पोट ढवळलं नाही. तुम्ही खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसलात आणि तोंड माझ्या लुगड्याच्या काठात लपवलंत. आमना हळूच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारात जाऊन जवारीची थैली घेऊन आलात. पोत्यांवर पोती रचलेली होती म्हणे. त्या मुलखाचं रोजचं अन्नच जवारी, आणि आपण शेटजींच्या दुकानातून गहू आणत होतो. दाणा आपल्यापेक्षा बारीक, थोडी लालसर झाक. तुम्ही ती मुठीत धरून मला दाखवलीत, सोनं सापडल्यासारखी. गिरणीतून पीठ आलं, पण थापायचं कोणी? मला खाटेवरून उतरलं की चक्कर यायची.

तुम्ही दाराला कडी घातलीत. हे मात्र मला विसरता येत नाही. परमुलखात, जिथे आपल्याला ओळखणारं कोणी नव्हतं, तिथेही तुम्ही आधी कडी घातलीत आणि मग परात पुढे ओढलीत.

"सांग," तुम्ही म्हणालात.

"पाणी कोमट घ्या. एकदम टाकू नका."

"इतकं?"

"लय झालं. आणखी पीठ घ्या."

"आता?"

"आता पाणी कमी झालं."

"अवं, एक काईतरी सांग न!"

"मळा. तळहातानं मळा. मशीन नाई ते, जोर लावू नका."

तुम्ही मळत होतात आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसत होतात, त्यामुळे कपाळावरही पीठ. गोळा केलात. थापायला लागलात. तुमच्या हातांना यंत्राचे लोखंडी दात घासायची सवय, पीठ त्यांना ऐकेना. एका बाजूला जाड, दुसरीकडे भोक. उचलताना दोन तुकडे झाले. तुम्ही ते जोडलेत, जोडावर पाणी लावलंत, शेगडीवरच्या तव्यावर टाकलंत. धूर झाला. एक बाजू करपली, एक कच्ची राहिली. ताटलीत ठेवून माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "नको खाऊ. फेकून देतो."

मी खाल्ली. मीठ आणि कच्च्या कांद्याबरोबर. करपलेल्या बाजूला आमच्या देवळीच्या चुलीचा वास होता. अर्धी खाऊन मी उरलेली तुमच्याकडे सरकवली. तुम्ही त्याच ताटलीत खाल्लीत. लग्नानंतर आपण एका ताटात पहिल्यांदा तेव्हा जेवलो.

मी बरी झाले. हिंडू-फिरू लागले. पण संध्याकाळी कामावरून आलात, हातपाय धुतले, की तुम्हीच परात घ्यायचात. मी म्हणायचे, "आता करते न मी." तुम्ही म्हणायचात, "तू भाजी पाय." पुढे पुढे भाकर फुगायला लागली. ती पहिल्यांदा टम्म फुगली तेव्हा तुम्ही मला अंगणातून ओढून आणलंत, आणि मी येईपर्यंत ती बसून गेली. तुम्ही असे हिरमुसलात! तुम्हाला ते काम आवडायला लागलं होतं. दार लावलेलं असायचं, शेगडीतले निखारे लाल, बाहेर वारा धूळ घेऊन फिरतो आहे, आणि भाकर थापल्याचा तो आवाज. तो ऐकत मला पेंग यायची. इतकी निवांत झोप मला आधीही कधी आली नव्हती, नंतरही नाही.

मग तुमचा-माझा वाद सुरू झाला, जो संपलाच नाही. तुम्ही बाजारातून वाळलेली लाल बोंडं आणलीत. तिकडे त्याला करकदे म्हणतात, पाण्यात टाकून सरबत करतात. मी एक तोंडात टाकलं आणि ओरडलेच, "अंबाडी!" तुम्ही चावून पाहिलंत. "नाई. आंबट आहे, पण अंबाडी नाई."

"देवळीची पोरगी आहो मी. मले अंबाडी सांगता?"

"अंबाडीचं बोंड इतकं मोठं नसते."

पाऊसकाळानंतर कालव्याच्या कडेने ती झाडं दिसली. तुम्ही रुमालभर पानं खुडून आणलीत, मी जवारीच्या कण्या आणि डाळ घालून शिजवली, लसणाची फोडणी दिली. तुम्ही दोनदा वाढून घेतलीत, ताटली पुसून खाल्लीत, आणि म्हणालात, "चांगली झाली. पण ही आपली नाई."

"मंग कोनाची आहे?"

"इथची."

तुम्हाला म्हणायचं होतं तरी काय? पान तेच, आंबटपणा तोच, शिजवणारे हात तेच. मी आमनाकडेही एक वाटी नेली होती. तिला भाकर कशी ते दाखवलं, तिने मला तव्यावर पळीभर आंबलेलं पीठ पातळ पसरवून तिची कागदासारखी पोळी करून दाखवली. तिने एकदा तुमचं नाव विचारलं. मी मान हलवली, घेत नाही. ती हसत सुटली. तीही इद्रिसचं नाव घेत नव्हती, मुलाच्या नावाने अमक्याचा बाप म्हणायची. मालूच्या वेळी माझ्या उशाशी तीच होती. पहिला घोट नाशाचा तिनेच पाजला.

करार संपत आला तेव्हा आणखी दोन वर्षं राहता का, असं कारखान्यातून विचारलं गेलं. तुम्ही भाकर थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "काय म्हणते? राहाचं?"

मला राहायचं होतं. हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे. मला तिथेच, त्या दोन खोल्यांत, कडी लावलेल्या दाराआड राहायचं होतं. पण मला वाटलं, तुमचा जीव घराकडे ओढतो आहे आणि तुम्ही माझ्यासाठी विचारता आहात. मी म्हटलं, "आत्याबाई वाट पाहत असतील." तुमचे हात जरासे थांबले. मग तुम्ही म्हणालात, "हाव. तेही खरंच आहे." आणि पुढचा गोळा घेतलात. तुम्हाला काय हवं होतं? तुम्ही विचारलंत ते कोणासाठी? नंतर कितीदा हे ओठांवर आलं. कधी मालू जवळ असायची, कधी आत्याबाई, कधी वाटायचं, आता विचारून काय.

परत येताना वर्धा मागे पडलं, सिंदी यायला थोडा वेळ होता. मालू माझ्या मांडीवर झोपली होती. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "ते भाकरीचं घरी काढू नको. आईले वाईट वाटंन. तुले कायसाठी पाठवलं होतं तिनं." मी म्हटलं, नाही काढणार. आणि आमनाच्या घरच्या आंबिलीचंही नाही. ते तुम्ही बोलला नाहीत, मला समजलं.

मग तुम्ही पाटावर बसलात आणि उठलाच नाहीत. मी पुढे ताट ठेवायचे, तुम्ही जेवायचात, हात धुवायचात, जायचात. मला कधी राग यायचा. एकदा मला थंडीताप भरला होता, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. आत्याबाई म्हणाल्या, "तू कायले आला इथे? जाय, बायकायच्या कामात काय आहे तुयं?" तुम्ही तव्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि गेलात. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. पण अंबाडीची भाजी झाली की तुम्ही सगळ्यांसमोर एक घास खाऊन मोठ्याने म्हणायचात, "ही खरी अंबाडी." आत्याबाई खूश व्हायच्या. मी वाढता वाढता पुटपुटायचे, "तीही खरीच होती." ते फक्त तुम्हाला ऐकू जायचं. इतकी माणसं बसलेली, आणि त्यांच्या मधोमध आपलं भांडण चाललेलं, कोणाच्या कानावर न पडता. माझा राग तिथेच जायचा.

भादव्यात तुम्हाला ताप आला आणि उतरलाच नाही. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तुमचे डोळे दुसरीकडेच कुठे तरी होते. मी चमच्याने पाणी पाजत होते. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "अशरबी." नर्सबाई म्हणाल्या, "शरबत मागून राह्यले, बाई." भाऊजी धावत जाऊन लिंबू घेऊन आले. तुम्ही मला प्यायला सांगत होतात. मी तुमच्यासमोर दोन घोट पाणी प्यायले. तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत.

तुम्ही गेल्यापासून आत्याबाई जेवत नव्हत्या. चहाचे दोन घोट, भाताची चार शितं. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, भाऊजी कामाला लागले, मालू शाळेत जायला लागली. काल दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी त्यांच्यापुढे भाकर आणि वरण ठेवलं. त्यांनी ताटाला हात लावला नाही. भिंतीकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "तिकडे तरी त्यानं पोटभर खाल्लं का व?"

"खाल्लं, आत्याबाई."

"तू घालत होती न दोन्ही वेळ थापून?"

'हाव' म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. तुम्हाला शब्द दिला होता, आणि तो मी इतकी वर्षं पाळला होता. पण त्या माऊलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाटलं, हिच्याजवळ तुमचं आता नवं काहीच येणार नाही. जे होतं ते हिने शंभरदा आठवून झिजवलं आहे. माझ्याजवळ मात्र दोन वर्षं पडली आहेत, हिने न पाहिलेली.

"नाई," मी म्हटलं. "तेच थापत होते. मले खाऊ घालत होते."

"कोन?"

"तुमचा लेक."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता कडाडतील. मी थांबले नाही. ओकाऱ्या सांगितल्या, डॉक्टरचं सांगितलं, भिंतीपलीकडचा वास सांगितला. आमनाच्या घरची आंबील प्यायले तेही सांगितलं. मुसलमान बाईच्या घरची, हेही. तुम्ही दाराला कडी घातलीत ते सांगितलं. आत्याबाई मांडीत हात ठेवून ऐकत राहिल्या.

"फुगत होती का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"भाकर. त्याची. फुगत होती का तव्यावर?"

"पह्यले नाई. मंग फुगाले लागली. कडा मात्र चिरत होत्या."

"पाणी कमी पडत असंन." त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांचे हात मांडीतच हलले, थापल्यासारखे. मग त्यांचा चेहरा एकदम चुरगळला. "मले काऊन नाई सांगतलं व त्यानं? म्या काय त्याले रागावली असती? माया लेकाच्या हातची भाकर, म्या नसती खाल्ली?"

मी त्यांच्याजवळ सरकले. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि कितीतरी वेळ रडल्या, तुम्ही गेल्यावरही रडल्या नव्हत्या तशा. मग नाक पुसलं. विचारलं, "त्या बाईचं नाव काय म्हणते?"

"आमना."

"बाई चांगली होती." त्यांनी ताट पुढे ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. "आणखी काय काय येत होतं त्याले?"

मी सांगत गेले. बेसन यायचं, पण गुठळ्या व्हायच्या. चहात साखर जास्त पडायची. मालूला झोळीत घालून एका पायाने झोका द्यायचे आणि हात परातीत असायचे. आत्याबाई ऐकत होत्या, मधे मधे हसत होत्या, आणि घास तोंडात जात होता. भाकर संपली तेव्हा मी न विचारताच दुसरी वाढली, आणि त्यांनी 'नको' म्हटलं नाही.

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला, अहो. तुमची आई जेवली.